उचलू नका, दाबा

हृदय अचानक बंद पडायचंच असेल, तर ते कुठे बंद पडलेलं बरं? कुणीही म्हणेल, हॉस्पिटलच्या दारात. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी एक वेगळीच जागा दाखवून दिली, ती म्हणजे जुगाराचा अड्डा. तिथल्या कॅसिनोंमध्ये वय उतरणीला लागलेली माणसं रात्र रात्र बसून असतात. एका हातात सिगारेट आणि समोर लावलेले पैसे. हृदयाने दगा द्यायला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. पण तिथे छताला जागोजागी कॅमेरे असतात. पत्त्यांत हातचलाखी करणाऱ्यांना पकडण्यासाठी लावलेल्या या कॅमेऱ्यांत खुर्चीवरून कोसळणारा माणूसही दिसतो आणि सुरक्षारक्षक लगेच त्याच्यापाशी पोचतो. टेरेन्स व्हॅलेन्झुएला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रक्षकांना दोनच गोष्टी शिकवल्या. एक, छाती दाबणं आणि दोन, विजेचा झटका देणारं यंत्र लावणं. २००० साली त्यांनी हिशेब मांडला. झटक्याने सुधारू शकेल अशा तऱ्हेने हृदय बंद पडलेल्या १०५ जणांपैकी ५३ टक्के जिवंत घरी गेले. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत ज्यांना झटका मिळाला, त्यांच्यातले ७४ टक्के वाचले. ज्यांना त्यानंतर मिळाला, त्यांच्यातले ४९ टक्के.

सगळ्या प्रकारचे रुग्ण एकत्र धरले, तर रस्त्यात किंवा घरात हृदय बंद पडलेल्या दहा जणांतला एखादाच वाचतो, अशी जगात बहुतेक ठिकाणची स्थिती आहे. तिच्याशेजारी कॅसिनोतले आकडे ठेवून पाहा. ते रक्षक काही डॉक्टर नव्हते. त्यांनी फक्त मिनिटं वाचवली. हे प्रकरण त्या मिनिटांबद्दल आहे, आणि ती वाया घालवणाऱ्या आपल्या एका सवयीबद्दल: माणूस पडला की त्याला आधी उचलून गाडीत घालायचं.

ही सवय वाईट हेतूने आलेली नाही. 'आधी दवाखान्यात हलवा' हे वाक्य अपघातात, बाळंतपणात, साप चावल्यावर पिढ्यान् पिढ्या उपयोगी पडत आलं आहे. हार्ट ॲटॅकमध्येही ते खरं आहे. हृदय बंद पडल्यावर मात्र तेच वाक्य जीव घेतं. या दोन्ही गोष्टींत माणूस छातीवर हात ठेवूनच खाली बसू शकतो, म्हणून त्यांतला फरक नीट समजून घ्यावा लागतो.

हार्ट ॲटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीने बंद होते. तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू उपाशी पडतो आणि हळूहळू मरू लागतो. पण बाकीचं हृदय चालू असतं. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, घामाघूम होतो, आणि मराठी माणूस असेल तर आपल्याला ॲसिडिटी झाली आहे असं इतरांना पटवत बसतो. त्याच्या हातात काही तास असतात, आणि त्यातला प्रत्येक अर्धा तास मोलाचा असतो.

कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाचं पंप म्हणून चालणारं कामच थांबतं. बऱ्याचदा ते शांत होऊन थांबत नाही, थरथरत थांबतं. ढोल-ताशा पथकात ताशाच्या इशाऱ्यावर सगळे ढोल एकदम पडतात. ठेका सुटून प्रत्येक जण आपापल्या मनाने वाजवू लागला, तर आवाज खूप होईल, पण ताल उरणार नाही. हृदयाच्या अब्जावधी पेशींचं असंच होतं. प्रत्येक पेशी आकुंचन पावत असते, पण एकमेकींशी मेळ नसल्याने रक्त पुढे ढकललंच जात नाही. डॉक्टर याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. रक्त थांबल्यावर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला सुरुवात होते. कुणी काहीच केलं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. कुणी छाती दाबत राहिलं, तर हीच घसरण निम्म्यावर येते.

पहिल्या रोग्याला शक्य तितक्या लवकर योग्य हॉस्पिटलात न्यायचं. दुसऱ्याला जिथे पडला तिथेच ठेवायचं आणि त्याच्या छातीवर काम सुरू करायचं. आदेश एकमेकांच्या अगदी उलट आहेत, आणि पहिला रोगी कोणत्याही क्षणी दुसरा होऊ शकतो. १४ डिसेंबर २०२३ रोजी अभिनेते श्रेयस तळपदे यांच्या बाबतीत तसंच झालं. त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे, मुंबईत चित्रीकरण संपताना त्यांना धाप लागली होती आणि डावा हात दुखत होता. दिवसभराच्या धावपळीने स्नायू आखडला असेल, असं त्यांना वाटलं. घरी आल्यावर पत्नीने त्यांना गाडीतून हॉस्पिटलकडे नेलं आणि पोचता पोचता त्यांची शुद्ध गेली. डॉक्टरांनी छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्यांना परत आणलं. तेव्हा त्यांचं वय ४७ होतं. शुद्ध हरपली ती हॉस्पिटलाजवळ, म्हणून ही गोष्ट आपण त्यांच्याच तोंडून ऐकू शकलो.

'गॅस झालाय'

हार्ट ॲटॅकचं दुखणं सिनेमात दाखवतात तसं सुरी खुपसल्यासारखं क्वचितच असतं. बहुतेक जण सांगतात, छाती भरून आली, कुणी छातीवर बसल्यासारखं वाटतंय, आवळल्यासारखं होतंय. दुखणं जबड्यात, घशात, डाव्या किंवा दोन्ही हातांत, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात जातं. सोबत दरदरून गार घाम येतो. माझ्या मते घाम हा या सगळ्यांतला सर्वांत दुर्लक्षित साक्षीदार आहे: पंख्याखाली बसलेल्या माणसाचा सदरा काही कारण नसताना भिजला, तर त्याचं 'काही नाही हो' ऐकून घेऊ नये. स्त्रियांमध्ये, वृद्धांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसतीच धाप, मळमळ किंवा कधी न जाणवलेला थकवा येऊ शकतो. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला असं झालं, तर घरातले आधी ओवा देतात, मग सोडा, मग झोपायला सांगतात. सकाळपर्यंत स्नायूचा मोठा भाग गेलेला असतो.

अशा माणसाला बसवावं, कपडे सैल करावेत, चालू देऊ नये. जिने चढणं-उतरणं टाळावं. त्याने स्वतः स्कूटर किंवा गाडी चालवत जाणं हा तर वेडेपणा आहे, कारण वाटेत हृदय बंद पडलं तर तो एकटा जाणार नाही. १०८ ला फोन करावा. ॲलर्जी नसेल, रक्तस्रावाचा त्रास नसेल आणि तो शुद्धीवर असेल, तर फोनवरच्या डॉक्टरच्या सल्ल्याने ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. गिळण्यापेक्षा चावल्याने ती लवकर लागू होते. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र शेजाऱ्याच्या औषधपेटीतून आणून देऊ नये. ती रक्तदाब झपाट्याने खाली आणते आणि काही प्रकारच्या ॲटॅकमध्ये, किंवा लैंगिक दुर्बलतेची गोळी घेतलेल्या माणसात, ती घातक ठरू शकते. डॉक्टरने त्याला स्वतःला लिहून दिली असेल, तर गोष्ट वेगळी.

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणारा एक संदेश सांगतो की ॲटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा. तो पुढे पाठवू नका. शुद्धीवर असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही, आणि बेशुद्ध माणूस खोकू शकत नाही.

कुठे न्यायचं, हा प्रश्न अवघड आहे. चोवीस तास अँजिओप्लास्टी करणारं केंद्र जवळ असेल, तर सरळ तिथेच. नसेल, तर निदान ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल, अशा जागी. गोव्यात २०१८ पासून याची एक रचना उभी राहिली आहे. छोट्या सरकारी दवाखान्यांत ईसीजी निघतो, तो लगेच तज्ज्ञाकडे जातो, गरज असेल तर इंजेक्शन तिथेच मिळतं आणि मग रोग्याला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे पाठवतात. राज्य लहान असल्याचा हा फायदा आहे खरा, पण एखाद्या जिल्ह्यालाही हे जमायला हरकत नाही.

पडलेला माणूस

आता दुसरा प्रसंग. माणूस काही न बोलता कोसळला आहे. पहिली काही सेकंदं त्याचे हातपाय झटके देतात, आणि गर्दीतून कुणीतरी 'फीट आली, फीट आली' म्हणून ओरडतो. मग चप्पल हुंगवली जाते, कांदा फोडला जातो, तोंडावर पाणी मारलं जातं, तळपाय चोळले जातात. कुणी त्याला बगलेत हात घालून बसवतो, कुणी ओठांना पाण्याचा पेला लावतो. यातली प्रत्येक गोष्ट आपुलकीने केलेली असते आणि प्रत्येक गोष्ट वेळ खाते. बसवण्याने तर उरलासुरला रक्तदाबही मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी श्वासनलिकेत जातं.

पण सर्वांत मोठी फसगत आणखी वेगळ्याच गोष्टीने होते. हृदय बंद पडल्यावरही पहिल्या काही मिनिटांत पुष्कळ जणांचा श्वास अधूनमधून सुरू असल्यासारखा दिसतो. तोंड उघडतं, जबडा हलतो, घशातून घोरल्यासारखा, आचके दिल्यासारखा आवाज येतो, मग मध्ये लांब शांतता, मग पुन्हा एक आचका. आसपासचे म्हणतात, 'श्वास चालू आहे, घाबरू नका.' हा श्वास नसतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राची ती शेवटची धडपड असते, आणि तिने फुप्फुसांत पुरेशी हवा जात नाही. याच टप्प्यावर माणूस वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते आणि याच टप्प्यावर बघे हात आखडता घेतात. या प्रकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची ठरवलीत, तर आचके म्हणजे श्वास नव्हे, ही ठेवा.

म्हणून तपासणी अगदी थोडक्यात करायची. आधी आजूबाजूला धोका नाही ना, ते पाहायचं. दोन्ही खांदे गदागदा हलवून मोठ्याने हाक मारायची. प्रतिसाद नसेल, तर छातीकडे पाहायचं, जास्तीत जास्त दहा सेकंद. छाती नेहमीसारखी वर-खाली होत नसेल, तर हृदय बंद आहे असं धरून चालायचं. नाडी शोधत बसायचं नाही. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटांतले ठोके जाणवतात आणि तो ते रोग्याचे समजतो.

चुकून चालू हृदयावर दाब दिला तर? तो माणूस हात झटकेल, कण्हेल, आणि आपण थांबू. अशा चुकीतून गंभीर इजा झालेली माणसं फार थोडी आढळतात. उलट चूक, म्हणजे बंद हृदयाला चालू समजणं, दुरुस्त करता येत नाही.

दोन हात

छाती बाहेरून दाबून रक्त फिरवता येतं, ही गोष्ट आजच्या वैद्यकात आली ती विजेच्या लोकांमुळे. अमेरिकेत विजेच्या तारांवर काम करणारे कामगार शॉक लागून मरत, म्हणून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विद्युत अभियंते विल्यम कोवेनहोव्हेन हृदयाला झटका देण्याच्या यंत्रावर काम करत होते. त्या काळी थांबलेलं हृदय चालू करायचं, तर शल्यविशारद छाती उघडून ते मुठीत धरून दाबत. १९५८ च्या सुमारास गाय निकरबॉकर या त्यांच्या तरुण सहकाऱ्याच्या एक गोष्ट लक्षात आली. प्रयोगातल्या कुत्र्याच्या छातीवर झटक्याच्या जड पट्ट्या जोराने दाबल्या, की वीज सोडण्याआधीच त्याच्या धमनीतला दाब थोडा वर चढत होता. मग शल्यविशारद जेम्स ज्यूड यांना सोबत घेऊन तिघांनी हे माणसांवर वापरून पाहिलं. १९६० साली त्यांनी २० रोग्यांची हकिगत छापली. त्यांतले १४ वाचले होते. या कामासाठी ना शस्त्रक्रियेची खोली लागत होती ना चाकू, नुसते दोन हात पुरत होते. पुढे १९६९ मध्ये त्याच विद्यापीठाने कोवेनहोव्हेन यांना वयाच्या ८३ व्या वर्षी वैद्यकाची मानद पदवी दिली. माणसाचं हृदय चालू ठेवायला डॉक्टर असावं लागत नाही, याचा हा जरा उशिराच दिलेला दाखला.

कृती अशी. माणूस उताणा, टणक जागेवर. पलंगावर किंवा सोफ्यावर असेल तर त्याला खाली जमिनीवर घ्या. गादीवर दाबलं की गादी दबते, छाती नाही. हलवायचं ते फक्त एवढंच. त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसा. एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर ठेवा, म्हणजे ढोबळमानाने दोन्ही स्तनाग्रांच्या मध्ये. दुसरा हात त्यावर. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. जोर दंडाचा नाही, कमरेपासून वरच्या सगळ्या शरीराचा. छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जायला हवी आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर यायला हवी, कारण ती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरतं. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. मोठ्याने मोजा, मोजण्याने वेगही राहतो आणि घाबरटपणाही आवरतो.

पाच सेंटिमीटर हे ऐकायला कमी आणि करताना भयंकर वाटतं. बरगडी कडकन मोडल्याचा आवाज येऊ शकतो, विशेषतः म्हाताऱ्या माणसात. हाताची जागा बरोबर आहे ना ते पाहा आणि दाबत राहा. मोडलेली बरगडी जुळते.

उत्तम रीतीने दाबलं तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश रक्त फिरतं. शिवाय हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत दाब तयार व्हायला सलग कित्येक दाब द्यावे लागतात, आणि आपण हात उचलला की तो क्षणात कोसळतो. म्हणून मध्ये थांबून 'काही फरक पडला का' हे पाहायचं नाही. दोन मिनिटांत तगडा माणूसही दमतो आणि दमल्याचं त्याला स्वतःला कळत नाही, नुसते दाब उथळ होत जातात. दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

तोंडाने श्वास देण्याबद्दल लोकांना वाटणारा संकोच मोठा आहे. मोठ्या माणसाचं हृदय अचानक बंद पडलं असेल, तर त्याची गरजही नाही. त्याच्या रक्तात पहिल्या मिनिटांपुरता प्राणवायू असतो, तो फक्त फिरवायचा असतो. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने आलेल्या भारतीय मार्गदर्शक सूचनांनी सामान्य माणसासाठी नुसते छातीचे दाबच सांगितले, ते योग्यच केलं. पण विहिरीत, शेततळ्यात किंवा समुद्रात बुडालेला माणूस आणि लहान मूल हे अपवाद आहेत. तिथे प्राणवायू आधी संपलेला असतो आणि हृदय मागाहून थांबलेलं असतं, म्हणून ज्याला येत असेल त्याने श्वासही द्यावेत. बुडालेल्याला उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची पद्धत मात्र कायमची सोडून द्यावी. मोटरपंपाचा शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. वीज अंगावर पडलेल्या माणसात विद्युतभार उरत नाही, त्याला लगेच हात लावला तरी चालतो. विजेच्या या दोन्ही प्रकारांत माणूस बऱ्याचदा तरुण आणि धडधाकट असतो. दाब सुरू करायला इतकं चांगलं कारण दुसरं नाही.

नॉर्वेतल्या आसमुंड लार्डल नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने १९६० मध्ये या सरावासाठी एक बाहुली तयार केली. तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीशी जोडल्या गेलेल्या एका अनाम तरुणीच्या मुखवट्यावरून घेतला होता. चेहरा बाईचा, पण छाती सपाट. अशाच बाहुल्यांवर जग शिकलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आसपासच्यांनी दाब दिल्याचं आढळलं, तर स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांना. आपल्याकडे परक्या बाईच्या छातीवर हात ठेवायचा म्हणजे काय होतं, ते सांगायला नको. त्यावर उपाय साधा आहे. मोठ्याने म्हणा, 'यांचं हृदय बंद पडलंय, मी छाती दाबतोय,' आणि जमलेल्यांपैकी दोन बायांना जवळ उभं करा. साडी-ब्लाउजवरून दाब देता येतो. झटक्याचं यंत्र आलं, तर मात्र कपडा बाजूला करावा लागेल. त्या बायांनी ओढणी किंवा पदर धरून आडोसा करावा.

आणि उचलायचं का नाही? चाळीचा तिसरा मजला डोळ्यांपुढे आणा. चौघांनी उचलायचं, जिन्याच्या वळणावर तिरकं करायचं, खाली रिक्षा शोधायची, तिच्या मागच्या सीटवर पाय दुमडून बसवायचं आणि सिग्नलवर हॉर्न वाजवत राहायचं. पंधरा मिनिटं सहज जातात, आणि त्या सगळ्या वेळात मेंदूला रक्ताचा थेंब जात नाही. तेवढाच वेळ घरातच दाब दिले, तर थोडं का होईना रक्त पोचत राहतं. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, त्यांतल्या २३३ मध्ये जास्त प्रगत उपकरणं होती. एवढ्या मोठ्या राज्यात गाडी दरवेळी वेळेवर येईल असं म्हणणं ही थाप ठरेल. म्हणूनच दाब आधी. एकाने दाबायचं, दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचं, तिसऱ्याने इमारतीच्या दाराशी उभं राहून गाडीला वाट दाखवायची. गाडी येणारच नाही असं नक्की कळलं, तर टेम्पोच्या हौद्यात सपाट झोपवून, दोघा-तिघांनी आळीपाळीने दाबत न्यावं. ही शेवटची वाट आहे, पहिली नव्हे.

यंत्र बोलतं

एईडी, म्हणजे विजेचा झटका देणारं ते यंत्र, डब्याएवढं असतं. मोठ्या विमानतळांवर ते भिंतीवर टांगलेलं दिसतं, काही मॉल आणि कचेऱ्यांतही येऊ लागलं आहे. त्याचा पूर्वज बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी १९६५ मध्ये रुग्णवाहिकेत बसवला, तेव्हा तो सुमारे ७० किलोचा होता आणि मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालत होता. आजचं यंत्र उघडलं की बोलू लागतं. दोन चिकट पट्ट्या असतात, एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली बरगड्यांवर. छाती ओली असेल तर पुसा. यंत्र स्वतः हृदयाची लय तपासतं, आणि झटक्याची गरज नसेल तर तो देतच नाही. त्यामुळे आपल्या हातून नको तिथे झटका बसेल, ही भीती अनाठायी आहे. 'दूर व्हा' म्हणालं की सगळ्यांनी हात काढायचे, झटका झाला की वाट न पाहता पुन्हा दाबायला लागायचं.

झटका हृदय 'चालू' करतो, असा समज सिनेमांनी पसरवला आहे. तो खरं तर त्या बेताल पेशींना एकदम गप्प करतो, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या लयकेंद्राला पुन्हा सूत्रं हाती घेता येतात. पडद्यावर सरळ रेष आल्यावर नायकाला झटका देतात, ते साफ खोटं आहे; सरळ रेषेला झटक्याचा उपयोग नसतो. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियान एरिक्सन कुणाचा धक्काही न लागता कोसळला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं, डॉक्टरांनी दाब दिले आणि एका झटक्यात त्याचं हृदय पूर्वपदावर आलं. आठ महिन्यांनी तो पुन्हा खेळत होता.

त्याच डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांत आणि पाठोपाठ वाहन परवान्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. २००१ ते २०१० या दहा वर्षांत आसपासच्यांकडून दाब मिळणाऱ्यांचं प्रमाण तिथे २१ टक्क्यांवरून ४५ वर गेलं, आणि महिनाभर जिवंत राहणाऱ्यांचं साडेतीनवरून जवळजवळ ११ टक्क्यांवर. सगळं श्रेय प्रशिक्षणाचं नाही, उपचारही त्या काळात सुधारले. पण आपल्याकडे वाहन परवान्यासाठी आठचा आकडा काढायला लावतात, तिथे दहा मिनिटं बाहुली दाबायला लावली तर कुणाचं बिघडेल?

पोलिसांच्या लफड्यात अडकू, ही आपल्याकडची आणखी एक धास्ती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मात्र या दोन्हींचा रोख रस्ते अपघातांवर आहे. इतर वेळी भारतीय न्याय संहितेचं कलम ३० कामाला येतं. संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला ते गुन्हा मानत नाही.

दाब कधी थांबवायचे? रुग्णवाहिकेतले लोक ताबा घेतील तेव्हा, माणूस हालचाल करून नीट श्वास घेऊ लागेल तेव्हा, किंवा सगळेच पार थकून जातील तेव्हा. श्वास सुरू झाला, तर त्याला एका कुशीवर वळवा आणि नजर हलवू नका, कारण हृदय पुन्हा बंद पडू शकतं. कोसळल्याची वेळ, दाब सुरू केल्याची वेळ आणि झटके किती दिले, हे कुणीतरी मोबाइलमध्ये टिपून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. कोसळलेला माणूस चाळिशीच्या आतला असेल, तर तो वाचो वा न वाचो, त्याच्या आईवडिलांचा, सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी व इको काढून घ्यावा. तरुणपणी हृदय बंद पाडणारे स्नायूंचे आणि लयीचे काही आजार रक्तातून येतात, आणि घरातल्या पुढच्या माणसात ते आधी सापडले तर त्यांवर औषधं आहेत, छातीत बसवायचं छोटं झटका-यंत्र आहे.